ताप आला की कोणती गोळी थांबवायची?

महोदय,

पाऊस सुरू झाला की घरोघरी ताप येतो. ऱ्हुमॅटॉइड संधिवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांच्या घरी अशा वेळी हमखास उलटा कारभार होतो. स्टेरॉइड 'गरम पडते' म्हणून ते आधी बंद होते आणि आठवड्यातून एकदाच घ्यायचे मेथोट्रेक्सेट मात्र ठरल्या वारी बिनबोभाट पोटात जाते. व्हायला हवे याच्या नेमके उलट.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड महिनोन्महिने घेतले की मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी सुस्तावतात, शरीर स्वतःचे नैसर्गिक स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉल, पुरेसे बनवत नाही. तापात ते नेहमीपेक्षा जास्त लागते. त्याच दिवशी गोळी बंद केली तर उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, ग्लानी येते आणि घरच्यांना वाटते ताप डोक्यात गेला. म्हणून स्टेरॉइड चालूच ठेवायचे; उलटीमुळे गोळी पोटात ठरत नसेल तर इंजेक्शनसाठी तडक रुग्णालय गाठायचे. मेथोट्रेक्सेट, लेफ्लुनोमाइड, टोफासिटिनिब आणि ॲडालिमुमॅबसारखी इंजेक्शने मात्र ताप उतरून अँटिबायोटिकचा कोर्स संपेपर्यंत डॉक्टरांना विचारून थांबवतात. मेथोट्रेक्सेटचा एखाद-दुसरा आठवडा चुकला म्हणून सांधे लगेच आखडत नाहीत. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन प्रतिकारशक्ती फारशी दाबत नाही, ते बंद करण्याचे कारण नाही. एवढ्या चार ओळी डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागे लिहून दिल्या तर रात्री अकरा वाजता कुणाला फोन लावत बसावे लागणार नाही.

ताप म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त. पण स्टेरॉइड आणि टोसिलिझुमॅब हे संधिवाताचेच इंजेक्शन तापही झाकतात. पारा ९९ वर असताना थंडी वाजत असेल, धाप लागत असेल, तर थर्मामीटरवर विसंबू नये.

दुसरा घोळ केमिस्टच्या काउंटरवर होतो. लघवीला जळजळ होते म्हणून को-ट्रायमोक्साझोल या अँटिबायोटिकची स्वस्त, जुनी गोळी मिळते. हे औषध आणि मेथोट्रेक्सेट दोन्ही रक्तपेशी बनायला लागणाऱ्या फॉलिक ॲसिडच्याच वाटेवर आडवी येतात, शिवाय त्यामुळे मेथोट्रेक्सेट लघवीवाटे नीट बाहेर पडत नाही. अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतला रक्तपेशींचा कारखाना, बसते. सीबीसीत (रक्तपेशींच्या तपासणीत) पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही घसरलेल्या दिसल्या की पावसाळ्यात पहिले नाव डेंग्यूचेच निघते. अशा वेळी तोंडात बघावे. जीभ-गाल सोललेले, पाणी गिळतानाही आग, तर मेथोट्रेक्सेटचा संशय आधी घ्यावा. आठवड्याची गोळी चुकून रोज घेतल्यानेही हेच होते आणि त्यात जीव गेलेले आहेत. चुकायला वावही भरपूर, कारण मेथोट्रेक्सेट आणि त्यासोबत दिले जाणारे फॉलिक ॲसिड, दोन्ही गोळ्या बहुधा लहान आणि पिवळ्याच. मेथोट्रेक्सेटच्या स्ट्रिपवर मार्करने 'फक्त रविवार' लिहावे. सुरुवातीला दर २ ते ४ आठवड्यांनी आणि नंतर दर ३ महिन्यांनी सीबीसी, एसजीपीटी (यकृतासाठी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) या तपासण्या टाळू नयेत.

आपल्याकडे खरी भीती क्षयाची. शरीर क्षयाचे जंतू गाठीत कोंडून ठेवते, ती भिंत टिकवणाऱ्या रसायनालाच ॲडालिमुमॅब, इन्फ्लिक्सिमॅब ही इंजेक्शने रोखतात. म्हणून पहिल्या डोसाआधी छातीचा एक्स-रे आणि मँटू (त्वचेवरची) किंवा इग्रा (रक्ताची) चाचणी हवीच. या रुग्णांत मँटूची गाठ ५ मिलिमीटर असली तरी ती पॉझिटिव्ह धरतात. स्टेरॉइडवर असताना ती कधीकधी उठतही नाही, त्यामुळे घरात कुणाला क्षय झाला होता का, हा प्रश्न चाचणीइतकाच मोलाचा. सुप्त क्षय (जंतू आहेत, पण आजार नाही) निघाला तर सहसा ६ महिने आयसोनियाझिड हे क्षयाचे औषध, आणि इंजेक्शन त्याचा किमान एक महिना झाल्यावर. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमाच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांतही सुप्त क्षयाच्या उपचारासाठी हे रुग्ण येतात. ही इंजेक्शने चालू असताना होणारा क्षय बरेचदा फुप्फुसाबाहेर, पोटात किंवा गाठींत असतो. खोकला नाही म्हणून निर्धास्त राहू नये. संध्याकाळचा ताप आणि घटते वजन संशयाला पुरेसे आहे.

टोफासिटिनिब घेणाऱ्यांना नागीण जास्त होते. एका बाजूला आग होऊन पुरळ उठले की ७२ तासांत विषाणूविरोधी गोळ्या सुरू व्हाव्यात. मंतरून घेण्यात तेच तास जातात.

लसींपैकी फ्लूची दरवर्षी पावसाळ्याआधी, इंजेक्शनचीच. नाकात मारायची लस जिवंत विषाणूची असते, ती नको. आजार आटोक्यात असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने फ्लूच्या इंजेक्शननंतर दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवतात, लस चांगली लागू पडते. न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या जंतूविरुद्धची लस घ्यावी. २०२३ पासून भारतात मिळणारी नागिणीची दोन डोसांची लसही चालते, तिच्यात जिवंत विषाणू नाही. कांजिण्या, एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला), पीतज्वर यांच्या जिवंत विषाणूच्या लसी मात्र उपचार चालू असताना नकोत. नातवंडांना पोलिओचे थेंब दिले असतील तर जपावे. थेंबांतला जिवंत विषाणू काही आठवडे बाळाच्या शीतून बाहेर पडत राहतो, तेव्हा लंगोट शक्यतो दुसऱ्या कुणी बदलावा, आणि आजीलाच बदलावा लागला तर तिने साबणाने हात धुवावेत.

– एक संधिवाततज्ज्ञ, नाशिक