नवख्या विनोदवीरांना पाच मिनिटे द्या

महोदय,

स्टँड-अप कॉमेडीच्या क्लबमध्ये नवख्या कलाकारांसाठी राखून ठेवलेल्या ‘ओपन माइक’च्या रात्री दिसणाऱ्या प्रेक्षकांच्या वर्तनाविषयी हे पत्र लिहीत आहे. अशा कार्यक्रमात प्रत्येकाला साधारण पाच मिनिटे मिळतात, वेळ संपत आल्याची खूण म्हणून बहुधा मागून दिवा दाखवला जातो, आणि तेवढ्या अवधीत आपला विनोद लोकांपर्यंत पोहोचतो की नाही हे त्याला तपासायचे असते. कारण संहिता घरी कितीही घोटली, तरी एखादा विराम नेमका किती लांबवायचा हे समोरच्या हशाशिवाय कळत नाही. अशा वेळी पुढच्या रांगेत मोठ्याने गप्पा मारणे किंवा एखाद्याची फजिती मोबाइलवर टिपून सर्वत्र पसरवणे मला अन्यायाचे वाटते. लंडनमध्ये १९७९ साली सुरू झालेल्या ‘कॉमेडी स्टोअर’मध्ये न रुचलेल्या होतकरूला घंटा वाजवून रंगमंचावरून उतरवत असत, ती रीत कठोर होती खरी, पण नामुष्की निदान त्या रात्रीपुरतीच उरत असे. सगळेच विनोद गोड मानून घ्यावेत, असे माझे म्हणणे नाही (जोडीदाराच्या नावाने केलेली तीच ती रडगाणी मलाही नकोशी होतात). तिथे न हसणे पुरेसे आहे. क्लबचालकांनी अशा रात्री चित्रीकरणास मनाई करावी आणि ती प्रवेशापूर्वीच जाहीर करावी, ही विनंती.

– एक नियमित प्रेक्षक