खुर्च्या मांडून होणारी उपासना

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळेच्या वर्गात, रोजच्या कपड्यांत, गिटारच्या साथीने भरणाऱ्या ख्रिस्ती उपासक मंडळ्या म्हणजे ‘उपासनेचा पोरखेळ’ आहे, असे एका वाचकाने आपल्या वृत्तपत्रात लिहिले आहे. अशाच एका मंडळीत मी सहा वर्षे जाते आहे. पत्र वाचून वाईट वाटले, म्हणून लिहायला बसले.

मी जुन्या वळणाच्या चर्चमध्ये वाढले. घंटा, वेदी, छापील प्रार्थनाक्रम, सगळ्यांनी एका सुरात म्हटलेले ‘आमेन’ हे मला आजही प्रिय आहे. तिथून मी रागाने बाहेर पडले नाही. माझा मुलगा स्वमग्न आहे. सगळीकडे शांत झाले की तो आवाज काढतो, गीत सुरू झाले की उठून झुलू लागतो. चर्चमध्ये कोणी त्याला वावगे बोलले नाही, फक्त माना वळायच्या. मग एका रविवारी एका भल्या गृहस्थांनी हळूच सुचवले, की उपदेश संपेपर्यंत त्याला व्हरांड्यात घेऊन बसलात तर बरे. दोन वर्षे मी उपदेश व्हरांड्यातून ऐकला. पुढे जाणेच सोडले.

या मंडळीत आम्ही पहिल्यांदा गेलो, तेव्हा ऐन प्रार्थनेत तो ओरडला. प्रार्थना सांगणाऱ्या बाई क्षणभर थांबल्या, त्याचे होऊ दिले आणि पुढे सांगू लागल्या. मी उठायच्या तयारीत होते; शेजारच्या आजोबांनी मानेनेच ‘बसा’ म्हटले. उपासना संपल्यावर एक मुलगी आली आणि माझ्याशी नाही, थेट त्याच्याशी बोलली. खुर्च्या आवरायला मदत करशील का, असे तिने त्याला विचारले. वस्तू ओळीत लावणे हा त्याचा जीव की प्राण. तेव्हापासून दर रविवारी खुर्च्या तोच मांडतो, आणि त्याने लावलेली ओळ कोणी मोडत नाही. मंडळीत त्याला जागा दिली असे मी म्हणणार नाही. आमच्या सगळ्यांच्या जागा तोच ठरवतो.

आता पोरखेळाविषयी. पहिल्या मंडळ्यांना इमारती होत्याच कुठे? बायबलमधला प्रेषित पौल आपल्या पत्रांत अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीचा उल्लेख करतो. इफिस शहरात त्याने दोन वर्षे तुरन्ना नावाच्या माणसाच्या पाठशाळेत रोज शिकवले, म्हणजे शाळेच्या वर्गातली सभा ही काही आजची टूम नाही. त्रोवस गावी तो मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण झोपेच्या भरात तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. उपदेशात डुलकी लागली म्हणून त्याला कोणी बोल लावल्याचे तिथे लिहिलेले नाही. पौल बोलणे सोडून खाली गेला आणि त्याने त्याला कवटाळले. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले. तिचा अर्थ मुलामुळे कळला.

सीरियात फरात नदीकाठी दुरा-युरोपोस नावाचे प्राचीन नगर उत्खननात सापडले. तिथले चर्च म्हणजे एक साधे राहते घर आहे, साधारण इ.स. २४०च्या सुमारास उपासनेसाठी बदलून घेतलेले. माणसे मावावीत म्हणून दोन खोल्यांमधली भिंत काढली होती. आणि आपल्या मराठीत कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला, तेव्हा बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तशिष्य त्यात सामावून घेतले. त्याला पोरखेळ म्हणायची माझी तरी छाती नाही.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची, आणि त्या वाचकांनी तिचा उल्लेखही केलेला नाही. जिथे वर बिशप नाही, लेखी घटना नाही, तिथे सगळा भरवसा एका माणसावर येतो. तो माणूस गोड बोलणारा असला आणि प्रश्न विचारणाऱ्याला ‘विश्वासात कमी’ ठरवू लागला, तर हीच मोकळीक फास होते. आम्ही काही जणांनी तिसऱ्या वर्षी आग्रह धरला: दानाचे पैसे पाळकांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, मोजायचे नाहीत, हिशेब सर्वांसमोर वाचायचा, मुलांच्या वर्गात कायम दोन मोठी माणसे हवीत, आणि पाळकांविरुद्धची तक्रार ऐकायला मंडळीबाहेरची व्यक्ती हवी. काही जण दुखावले. आपण कुटुंब आहोत, कुटुंबात कसला हिशेब, असे म्हणाले. माझ्या आईने आयुष्यभर घरखर्चाची वही लिहिली, आणि ते घर प्रेमाचेच होते, एवढेच मी सांगितले. पाळकांनी स्वतःहून ते मान्य केले, म्हणून मी आजही तिथे आहे.

आई गेली त्यानंतरच्या रविवारी मला गाता आले नाही. कोणी ‘देवाची इच्छा’ म्हणून समजूत घातली नाही. गीत चालू राहिले आणि शेजारची बाई माझा हात धरून बसली. गांभीर्य नाही म्हणतात, ते मला या जागी कधी जाणवले नाही.

त्या वाचकांनी एखाद्या रविवारी यावे, अशी माझी मनापासून विनंती आहे. अर्धा तास आधी आलात तर खुर्च्या मांडणे चालू असेल. कुठे बसायचे ते माझा मुलगा दाखवील.

आपली,
एक वाचक