चि. निखिल, तुझी खोली पाडतोय

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर ‘आता कशाला खर्च करता, बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणारच आहे’ असं तू म्हणालास आणि बाबा नेहमीसारखे गप्प बसले. म्हणून हे पत्र. फोनवर माझं निम्मं बोलायचं राहूनच जातं.

रिडेव्हलपमेंटचं म्हणशील, तर तू कॉलेजात होतास तेव्हापासून ऐकते आहे. वार्षिक सभेत कुणीतरी नवा बिल्डर आणतं, सगळे पेढे खातात, मग कुणाच्या तरी कार्पेट एरियावर गाडं अडतं. शेजारची बिल्डिंग मात्र खरंच गेली आणि तिथे टॉवर उभा राहिला. मुलुंड पूर्वेला आता गल्लोगल्ली हेच चाललंय. आपल्या स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेची. सकाळचं कोवळं ऊन ओट्यापर्यंत यायचं, ते आता टॉवरच्या पार्किंगच्या मजल्यांनी अडवलंय. सकाळी नऊ वाजता ट्यूब लावल्याशिवाय मला तांदळातला खडा दिसत नाही. रिडेव्हलपमेंट होईल तेव्हा होईल, तोवर मी अंधारात का म्हणून बसायचं?

आता उजेड आणायचा तर पश्चिमेकडूनच, आणि पश्चिमेला आहे तुझी खोली. खोली कसली, गॅलरीच ती. तुझ्या दहावीला आपण ती बंद करून घेतली, प्लायवूडचं पार्टिशन ठोकलं. त्या खोलीनं तुला इंजिनिअर केलं, ते मला मान्य आहे. पण हल्ली तू येतोस दिवाळीला, आणि उरलेलं वर्षभर तिथे इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग राहतो. पार्टिशन निघालं की हॉलला गॅलरीचा उजेड मिळेल. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत कमरेपासून वर मोकळी केली, की तोच उजेड पुढे ओट्यापर्यंत जाईल. एवढंच काम आहे. बाकी सगळं रंगरंगोटी.

पहिला कॉन्ट्रॅक्टर आला, तो म्हणाला भिंत अख्खीच काढू, शिवाय कोपऱ्यातला खांब जरा तासला की फ्रिज कसा सरळ बसेल. त्याला चहा पाजून वाटेला लावला. जुलै 2017 मध्ये घाटकोपरची सिद्धी साई बिल्डिंग पडली, आठवतं ना? तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं, त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. 17 माणसं गेली त्यात. बाबांनी मग रीतसर स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलावला. त्यानं थोडं प्लॅस्टर खरवडून भिंत पाहिली. आपली बिल्डिंग आरसीसीची, सगळा भार बीम आणि खांबांवर. ही मधली भिंत साडेचार इंची, नुसती आडोशाची. ती काढायला त्याची हरकत नाही. वरचा बीम मात्र आहे तसाच राहणार. तो खालून दिसेल, तर दिसू दे. बाहेरच्या नऊ इंची भिंतींनाही हात लावायचा नाही. तसं त्यानं लिहून दिलंय, ते जोडून सोसायटीला अर्ज केलाय.

तू पाठवलेले ओपन किचनचे फोटो पाहिले. सुंदर आहेत. त्यातल्या एकाही ओट्यावर फोडणीचा डाग नाही, म्हणजे तिथे कुणी जेवत नसावं. आपल्याकडे सुकट भाजली की चार दिवस सोफ्याला वास येईल, आणि ती सुकट तुलाच लागते. म्हणून मोकळ्या भागाला सरकती काच. फोडणीच्या वेळी ओढायची, एरवी उघडी. चिमणी पाइप बाहेर काढलेलीच घेणार. बिनपाइपची स्वस्त पडते, पण ती धूर गाळून घरातच परत सोडते. पांढरा ओटाही नको. माझ्या हातून हळद सांडतेच आणि पांढऱ्यावरचा तो पिवळा डाग घासत बसायचं माझं वय नाही. कडाप्पा आहे तो चांगला आहे.

फरशीवरून बाबांशी बराच वाद झाला. त्यांना वरून चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स हव्या होत्या. त्या जुन्यावर बसवल्या की जमीन उंच होते, मग प्रत्येक दार खालून कापा, शिवाय स्लॅबवर वजन. उखडून बसवल्या तर राडारोडा तिसऱ्या मजल्यावरून पोत्यांतून उतरवायचा, लिफ्ट नाही. मी पॉलिशवाल्याला बोलावून एका कोपऱ्यात मशीन फिरवून दाखवायला लावलं. मोझॅकमधले हिरवे-पांढरे खडे असे वर आले, की बाबा चष्मा लावून खाली बसले. वाद संपला.

गॅलरीला सगळे सरकत्या खिडक्या सांगतात. दोन झडपांची सरकती खिडकी कधीही निम्मीच उघडते, हे कुणी सांगत नाही. मला बाहेर उघडणाऱ्या हव्यात, वर छज्जा थोडा पुढे काढून, नाहीतर पावसाळ्यात पश्चिमेचा सगळा झोत थेट हॉलमध्ये. दुपारच्या उन्हाला बांबूची चिक लावू. ग्रिलमधले रिकामे डबे आणि मोडका कूलर काढला, तर त्यानंच कितीतरी उजेड येईल, हे बाबांना सांगायचं काम तुझं. माझं ते ऐकत नाहीत. छताला शुभ्र पांढरा, भिंतींना मोतिया. अगदी पांढऱ्या भिंती दवाखान्यासारख्या वाटतात.

तू आणि मुक्ता आलात की हॉलमध्ये झोपायचं. सोफा-कम-बेड पाहून ठेवलाय, बसून पाहिला, पाठीला बरा आहे. तुझ्या कपाटातली अभ्यासाची पुस्तकं वाचनालयाला देते. क्रिकेटचे चषक, त्या वह्या आणि खालच्या खणातली कुलूप लावलेली पेटी यांचं काय करायचं ते रविवारपर्यंत कळव. पेटीची किल्ली कुठे आहे तेही सांग, नाहीतर सुतार फोडेल. सोमवारी दहाला माणसं येतात.

मुक्ताला आशीर्वाद.

तुझी
आई