बसणाऱ्याचं चित्र, चालणाऱ्याचं जॅकेट

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा आणि उत्पादन विभाग
(नुसत्या ग्राहक सेवेला लिहून काही होत नाही हे सहा फोननंतर कळलं, म्हणून उत्पादन विभागालाही.)

विषय: 'उणे ३० अंश' हंटिंग संच, नग पाच. संपूर्ण परतावा आणि लेबलमधली दुरुस्ती.

महोदय,

आज दुपारी पावणेबाराला तुमच्या वरिष्ठ प्रतिनिधीने माझा फोन कापला, म्हणून हे पत्र. ऑर्डर क्रमांक, बिल, फोटो, व्हिडिओ सगळं तुमच्याकडे आहे. सहा वेळा पाठवलंय, सातव्यांदा पाठवणार नाही.

माल असा: पिसं भरलेलं, पॉवर बँकेवर गरम होणारं डाउन जॅकेट, डांगरी, मिटन (चार बोटं एकत्र राहणारे हातमोजे), बूट आणि पायाच्या बोटांसाठी उष्णतेच्या पुड्यांचे दहा जोड. नगाला ३१,५०० रुपये, पाच नगांचे १,५७,५००. वापर: फेब्रुवारीत स्पितीतल्या किब्बरला हिमबिबट्याचं छायाचित्रण, आठ दिवस. २०२४ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या गणनेप्रमाणे देशात हिमबिबटे ७१८, त्यातले हिमाचलात ५१. अशा प्राण्यासाठी हिंडून उपयोग नसतो. सकाळी साडेसहाला कड्यावर जायचं, ट्रायपॉड लावायचा आणि दुपारी एकपर्यंत बसायचं. 'बसायचं' हा शब्द अधोरेखित करून ठेवा. सगळं भांडण त्याच्यावर आहे.

तुमच्या लेबलवर '-३०°' लिहिलंय. कोणासाठी? काय करताना? किती तास? थंडीच्या कपड्यांचं युरोपीय मानक ईएन ३४२ हेच तीन प्रश्न विचारतं. नुसत्या उभ्या माणसाचं शरीर त्वचेच्या दर चौरस मीटरला ७५ वॉट उष्णता तयार करतं असं ते धरतं. मध्यम हालचाल करणाऱ्याचं १७०. मोठ्या माणसाची त्वचा साधारण १.८ चौरस मीटर, म्हणजे हिशेब झाला १३५ वॉट विरुद्ध ३०६ वॉट. माणूस तोच, जॅकेट तेच, आतली शेगडी मात्र निम्म्याहून कमी. वर ते मानक एक तासाची आणि आठ तासांची थंडी वेगवेगळी मोजतं. स्लीपिंग बॅगवरसुद्धा आरामाचा, मर्यादेचा आणि टोकाचा असे तीन आकडे छापतात. हे तुम्हाला ठाऊक नाही असं मी मानत नाही; तुमचा तो धंदाच आहे. तुम्ही चालणाऱ्याचा आकडा घेतलात आणि बसणाऱ्याला विकलात.

कारण खोक्यावरचं चित्र बघा. बर्फाळ रान, झाडावर मचाण, मचाणावर मांडीवर बंदूक ठेवून एक माणूस. तो चालत नाहीये. धावत नाहीये. बसलाय.

आता जॅकेट. खिडकीसमोर धरलं की प्रत्येक शिलाईतून उजेड दिसतो. म्हणजे आरपार शिलाई: बाहेरचं आणि आतलं कापड एकत्र शिवलेलं, शिलाईच्या रेषेवर पिसं शून्य. चालताना हे चालून जातं. बसल्यावर पाठीवर प्रत्येक रेष बर्फाच्या पट्टीसारखी लागते. उणे ३० चा दावा करणाऱ्या जॅकेटला दोन कापडांमध्ये उभ्या पट्ट्या घालून कप्पे करावे लागतात. त्याला शिलाई जास्त आणि खर्च जास्त, हे मान्य. मग दावा कमी करा.

लेबलवर '८०० फिल' ठळक आहे, पिसांचं वजन कुठेच नाही. ८०० फिल म्हणजे एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम पिसं ८०० घनइंच फुलतात. तो पिसांचा दर्जा झाला. जॅकेटात ती घातली किती, हे त्यावरून कळत नाही. तुम्ही लेखी नकार दिल्यावर पाचातलं एक जॅकेट दादरच्या एका टेलरकडे उसवलं. मार्च महिन्यात, पंखा बंद करून, कारण एक झुळूक आली की पिसं दुकानभर. तरी ती त्याच्या घामेजलेल्या हाताला कोपरापर्यंत चिकटलीच, आणि तीही एकेक सोडवून पिशवीत घातली. वजन भरलं ११२ ग्रॅम. गुणाकार करा: ११२ ग्रॅम ८०० फिल साधारण ५२ लिटर फुलेल. साधं ६०० फिल २८० ग्रॅम घातलं असतं तर ९७ लिटर. महाग पीस, पण चिमूटभर. जेवणात केशर टाकलं म्हणून भात वाढत नाही.

याहून वाईट तुमचा पॉवर बँकेचा खिसा. तो बाहेर आहे. छातीच्या डाव्या बाजूला, पिसांच्या वरच्या अंगाला, एका पातळ झडपेखाली. थंडीत लिथियम बॅटरीची ताकद पडते हे शाळकरी मुलाला फोनवरून कळतं. उणे २२ ला तुमचं जॅकेट चाळीस मिनिटांत बंद पडलं. तीच पॉवर बँक काखेत धरून ऊबदार केल्यावर परत साठ टक्के दाखवायला लागली. म्हणजे बॅटरी संपली नव्हती, गारठली होती. खिसा आत घ्यावा तर वायर इतकी आखूड की पोचत नाही. पाचांपैकी एकाच्या बॅगेत लॅमिंग्टन रोडवरून घेतलेली यूएसबी एक्स्टेन्शन होती, म्हणून एकच जॅकेट चाललं. इतर चार जणांनी ३१,५०० रुपयांत छातीवर एक वीट बाळगली.

बरं, एका पॉवर बँकेवर जॅकेट 'आठ तास' गरम राहतं हा तरी तुमचा हिशेब कुठून आला? १०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ३.७ व्होल्टला ३७ वॉट-तास. जॅकेट फुल्लवर ५ व्होल्ट, २ अँपिअर, म्हणजे १० वॉट ओढतं. व्होल्टेज चढवतानाची घट धरली की घरातल्या घरात तीन तास, फार तर थोडं वर. लो मोडवर म्हणाल, तर लो मोडवर करंट इतका थोडा की पॉवर बँकेला वाटतं काही जोडलेलंच नाही आणि ती आपणहून बंद होते. तुम्ही सुचवलेल्याच पॉवर बँकेची ही गत.

आता आजचा फोन. तुम्ही कॉल रेकॉर्ड करता असं टेप सांगते, तेव्हा ऐकून घ्या, तरी लिहितो.

अकरा मिनिटं टेपवर 'थंडीला घाबरू नका' ऐकवल्यावर वरिष्ठ प्रतिनिधी आले.
'सर, तुमचा पिनकोड मुंबईचा दाखवतोय.'
'मी मुंबईचाच आहे.'
'पण सर, मुंबईत हे जॅकेट...'
किब्बर, स्पिती, हिमाचल, उणे २२, सगळं पुन्हा सांगितलं. टाइप केल्याचा आवाज आला.
'सर, प्रॉडक्ट हंटिंगसाठी आहे. तुम्ही हंटिंग केलंत का?'
'नाही. फोटो काढले.'
'मग सर तो ठरलेला वापर नाही झाला. वॉरंटी ठरलेल्या वापरालाच असते.'
'आणि शिकार केली असती तर?'
पुन्हा टाइप केल्याचा आवाज.
'सर, इंडियात हंटिंग इल्लीगल आहे. इल्लीगल वापराला वॉरंटी देता येत नाही.'
'मग या वस्तूची वॉरंटी नक्की कोणाला आणि कधी मिळते?'
बराच वेळ शांतता.
'चांगला प्रश्न आहे सर. मी नोट करतो.'

इथे थांबला असता तरी मी हसून सोडून दिलं असतं. पण पुढे: 'एक पर्सनल सजेशन देऊ का सर? मुंबईच्या लोकांना थंडीची सवय नसते. आमच्या टीमने ऑफिसात एसी सोळावर ठेवून हे जॅकेट घातलं होतं. सगळ्यांना घाम आला.'

एसी सोळावर. अधिक सोळावर! अधिक १६ आणि उणे २२ मध्ये ३८ अंशांचं अंतर आहे. मुंबईच्या तापलेल्या दुपारपासून थेट पाणी गोठेपर्यंत जेवढं अंतर, तेवढंच. आणि घाम आला हे तुम्ही गुण म्हणून सांगता? कड्यावर चढताना आलेला घामच बसल्यावर माणसाला मारतो. म्हणून जाणकार चढताना जॅकेट पाठीवरच्या बॅगेत ठेवतात, वर पोचल्यावर आतला ओला थर बदलतात आणि मग ते अंगावर चढवतात. 'हेच मला ईमेलवर लिहून द्या' म्हटलं, तर फोन कट.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मलाही माहीत आहे. हिमबिबट्या त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच कायद्याच्या कलम २८ मध्ये अभयारण्यात छायाचित्रणासाठी परवाना देण्याची सोय आहे. शिकारबंदीच्या देशात 'हंटिंग संच' तुम्हीच आयात करून विकता आणि ग्राहकाने शिकार केली नाही म्हणून वॉरंटी नाकारता. असा कायदेपंडित तुम्ही कुठून आणलात?

बूट. '-४०°' म्हणे. आतलं नमद्याचं (दाबलेल्या लोकरीचं) अस्तर शिवून टाकलेलं, सुटं निघत नाही. पायाचा घाम दिवसभर त्यात मुरतो. अस्तर काढून रात्री तंदूरजवळ (तिथली खोली तापवायची शेगडी) वाळवता आलं पाहिजे, या बुटांचं तेच खरं मर्म. तुमचे बूट दुसऱ्या सकाळी आतून दमट, तिसऱ्या सकाळी कडक. मापाचा तक्ताही चुकीचा: त्याप्रमाणे घेतलं तर जाड मोजा घालून बोटं हलायला जागा उरत नाही. घट्ट बुटात रक्तही अडतं आणि ऊब धरणारी हवाही दबते. शेवटी योगा मॅटचे तुकडे कापून बुटांखाली टाकले, तेव्हा बोटं पुन्हा जाणवू लागली. उणे ४० च्या बुटाला योगा मॅटचा आधार.

पुड्यांचं तर विचारूच नका. लोखंडाची भुकटी हवेतला ऑक्सिजन घेऊन गंजते, त्याची ही उष्णता. बंद बुटात हवा येणार कुठून? त्यात किब्बर सुमारे ४,२०० मीटरवर, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के. बुटात वीस मिनिटांत थंड झालेली पुडी बाहेर काढून हलवली की परत तापायची. तुमच्या खोक्यावरचे 'दहा तास' बहुधा टेबलावर मोजलेत. त्याच पुड्या मिटनमध्ये मनगटाच्या आतल्या बाजूला, पातळ हातमोज्यावरून ठेवल्या तर चालतात. हे ग्राहकाने शोधायचं का?

'सायलेंट फॅब्रिक'बद्दल एकच वाक्य: उणे १५ च्या खाली कोटिंग कडक होतं आणि हात उचलला की फरसाणाची पिशवी उघडल्यासारखा आवाज येतो, तो समोरच्या उतारावरच्या भरलांनाही (हिमालयातल्या रानमेंढ्यांनाही) ऐकू जातो.

हे सगळं पैशांचं झालं. एक गोष्ट मात्र पैशांची नाही. खोक्यातल्या पत्रकात मुद्दा क्रमांक ७ आहे: 'हात-पाय बधिर झाल्यास जोराने चोळावेत व आगीजवळ शेकावेत.' हे कोणी लिहिलं? गोठू लागलेली त्वचा चोळली की आतल्या पेशी फाटतात. बधिर बोटं आगीजवळ धरली तर भाजतात आणि भाजलेलं कळतही नाही. आमच्यातल्या एकाची दोन बोटं पांढरी पडली, तेव्हा तुमचं पत्रक बाजूला ठेवून ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात पाय बुडवून ठेवला. परत गारठा लागण्याची शक्यता असेल तर तेही करायचं नसतं, आधी खाली उतरायचं. तुमचं ऐकलं असतं तर हे पत्र वकिलाकडून आलं असतं. एवढ्या मोठ्या ब्रँडकडून एवढी तरी अपेक्षा होती की पत्रक छापण्याआधी एखाद्या डॉक्टरला दाखवतील.

मागण्या. पाचही नगांचे पैसे परत, उसवलेल्या जॅकेटासकट, कारण ते तुमच्या लपवाछपवीमुळे उसवावं लागलं. लेबलवर कोणती हालचाल, किती तास आणि पिसांचं वजन किती ग्रॅम, हे छापा. मुद्दा क्रमांक ७ चं पत्रक बाजारातल्या सगळ्या खोक्यांतून काढा. आणि तो खिसा आत घ्या. पुन्हा सांगतो, आत.

मुदत पंधरा दिवस. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर नोंद आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली मुंबईतच जिल्हा आयोगात दावा. ग्राहक राहतो तिथे दाखल करता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. खोक्यावरचा मचाणावर बसलेला माणूस पुरावा क्रमांक १ असेल.

पाच नगांचा ग्राहक,
दादर (पश्चिम), मुंबई

ता.क. उसवलेल्या जॅकेटची पिसं पिशवीत बांधून ठेवली आहेत, ११२ ग्रॅम. तुमचा माणूस न्यायला येईल तेव्हा वजन करूनच घेऊ दे. फक्त त्याला सांगा, वजन करताना पंखा बंद ठेवायचा.