डोळे मिटून तोफ निवडणाऱ्या काकांना

काका,

सा. न. वि. वि.

नाव लिहू नकोस म्हणालात, म्हणून लिहीत नाही. भोसरीत टूलरूममध्ये चाळीस वर्षं लेथवर उभं राहिलेली माणसं पुष्कळ असतील, त्यातून कोणी ओळखलंच तर माझा इलाज नाही. आभार मात्र चारचौघांत मानणार, कारण त्याआधी माझी शोभा झाली होती तीही चारचौघांतच.

आमचे अण्णा नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, आर्मर्ड कोअरच्या, म्हणजे लष्कराच्या रणगाडा दलाच्या, सेंटरमध्ये माळी होते. 'फॅमागुस्ता' तिथेच ठेवलाय. पुण्यात जन्मलेला, एकविसाव्या वर्षी गेलेला पूना हॉर्सचा सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत ज्या सेंच्युरियनमध्ये होता, तो हा रणगाडा. आग लागली, वरून मागे फिरायचा हुकूम आला, तरी माझी तोफ अजून चालतेय म्हणून त्याने रणगाडा सोडला नाही. ही गोष्ट मी अण्णांकडून किती वेळा ऐकली असेल! अण्णा त्याला 'फामा' म्हणतात, घरातला बैल असावा तसं. पण इतक्या वर्षांत त्यांनी त्याला कधी हात लावला नव्हता. माळ्याने हिरवळ बघायची, रणगाड्याला हात लावायची पद्धत नव्हती.

काचबिंदूने त्यांची नजर गेली ती गेल्या वर्षी. एका संध्याकाळी सहज म्हणाले, "फामाला एकदा हात लावून बघायला पाहिजे होतं गं."

त्या वाक्यापायी मी, पतसंस्थेत व्हाउचर तपासणारी बाई, १:३५ च्या, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाच्या, प्लास्टिकच्या सेंच्युरियन मॉडेलचा डबा घेऊन बसले. दोन महिन्यांनी उभा केला आणि अण्णांच्या हातात दिला. बोटं तोफेवर गेली तशी थांबली. "ही रेघ कसली? तोफेला कधी शिवण असते का?" प्लास्टिकची तोफ दोन अर्धुकं जोडून केलेली, सांधा राहिला होता. घासला, तर नळी चपटी झाली.

म्हणून मग धातूची तोफ शोधायला निघाले. पहिल्या दुकानात पहिला प्रश्न आला, "मुलासाठी घेताय का?" नाही म्हटल्यावर त्यांना माझ्यात रस उरला नाही, माझ्या पाकिटात मात्र होता. सेंच्युरियनची म्हणून अॅल्युमिनियमची बॅरल, म्हणजे तोफेची नळी, दिली, वर सबंध रणगाड्याचा पितळी फोटो-एच सेट, म्हणजे पातळ पत्र्यात कोरलेले बारीक भाग, गळ्यात मारला. चोवीसशे रुपये. शिवाय म्हणे ट्रॅकही, म्हणजे चाकांवरचे पट्टेही, धातूचेच घ्या, नाहीतर मजा नाही. चार हजारांचे. तेवढ्यापुरती तरी अक्कल शाबूत होती, म्हणून ते राहिले.

बॅरल बसवली. अण्णांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, "मधला फुगवटा एका अंगाला का गेलाय? आपल्या फामाचा सगळीकडून सारखा."

दुकानात फोन केला. उत्तर मिळालं, "मॅडम, इतकं कोण बघतं?"

कोणीच बघत नव्हतं हो. तेच तर त्यांना सांगता येईना. आणि ज्या जाणकारांना विचारलं ते तर आणखी थोर. एकाने हसून विचारलं, आंधळ्या माणसाला मॉडेल कशाला? मी फोन ठेवून दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली.

तुमचा नंबर कोणी दिला हे तुम्हाला माहीत आहे. त्या रविवारी एसटीने आले तेव्हा पिशवीत अर्धा मोडलेला रणगाडा होता आणि अंगठ्याला पट्टी, तो पितळी पत्रा वाकवताना कापलेल्या जागी. तुम्ही चहा सांगितलात, पिशवीतली बॅरल व्हर्नियरमध्ये धरलीत आणि म्हणालात, "ही १०५ मिलिमीटरची आहे. तुमच्या वडिलांना हाताने कळलं? बाप रे." मग वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडलात. १०५ भागिले ३५, तीन मिलिमीटर. खेत्रपालांच्या सेंच्युरियनवर ट्वेंटी पाउंडर नावाची तोफ, ८४ मिलिमीटर. भागिले ३५, दोन पूर्णांक चार. सेंच्युरियनवर दोन्ही तोफा बसल्या, पण १०५ चा धूर ओढणारा फुगवटा नळीभोवती सारखा नसून एका अंगाला सरकलेला, ट्वेंटी पाउंडरचा चहूबाजूंनी सारखा. हे सांगायला दुकानदाराला अर्धं मिनिट लागलं असतं.

मग तुम्ही कंपासपेटी उघडलीत. तीन बॅरल. एक पितळी, आत खाचासुद्धा कोरलेली, महाग. एक साधी अॅल्युमिनियमची. एक तुम्ही स्वतः लेथवर काढलेली. मला वाटलं आता किमती सांगाल. तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवलात आणि डोळे मिटलेत.

किती वेळ, ते मी मोजलं नाही. चहावर साय आली. तुम्ही एकेक नळी उचलत होतात, अंगठ्याखालून मागून पुढे सरकवत होतात, फुगवट्याशी थांबत होतात, ठेवत होतात, परत पहिली उचलत होतात. बाहेर कोणीतरी रिक्षा धूत होतं. माझ्या अण्णांच्या जागी जाऊन बसावं असं वर्षभरात कोणाच्या मनात आलं नव्हतं, डॉक्टरांच्याही नाही. खरं सांगू, माझ्याही नाही. मी रणगाडा त्यांच्यासाठी करत होते, पण डोळ्यांनी करत होते.

डोळे उघडून तुम्ही मधली पुढे केलीत. साडेचारशेची. म्हणालात, पितळीच्या आतल्या खाचांचे पैसे आहेत, आणि दोन मिलिमीटरच्या भोकात बोट काही जात नाही. तुमची स्वतःची का नाही विचारलं तर म्हणालात, "तिच्यावर माझ्या टूलचा वळ राहिलाय. बघणाऱ्याला दिसायचा नाही, त्यांना लागेल." स्वतःच्या मालाबद्दल असं बोलणारा माणूस मी पतसंस्थेत बसून एकही पाहिलेला नाही. माझ्यासमोर येणारा प्रत्येक जण आपल्या तारणाची किंमत चढवूनच सांगतो.

बाकीचं तर तुम्ही खर्च वाचवायलाच बसला होतात. धातूचे ट्रॅक नकोत, वरचा अर्धा पट्टा बाजूच्या स्कर्टखाली झाकणार, त्याला चार हजार कशाला? वजनच पाहिजे ना, म्हणत डब्यातले गंजके नट काढलेत आणि रणगाड्याच्या पोटात भरून दिलेत. पितळी सेटमधले दिव्यांवरचे गार्ड तेवढे ठेवले, तेही कडा कानशीने मारून. उरलेला पत्रा बाजूला सारलात, "साखर आहे ना त्यांना? बोट कापलं तर भरायला महिना जाईल." मला साखर आठवली नव्हती. हँडलं जुन्या चार्जरच्या तांब्याच्या तारेची. अँटेना नाहीच. आधी मोडेल आणि मग बोटात शिरेल म्हणालात.

निघताना मी पाकीट काढलं तर साडेचारशेच घेतलेत, सुटे पन्नास नव्हते म्हणून खाली जाऊन घेऊन आलात. आणि १:३५ हे माप मुळात तामिया या जपानी मॉडेल कंपनीने पँथर नावाच्या जर्मन रणगाड्याच्या मॉडेलच्या पोटात बॅटऱ्या मावाव्यात म्हणून धरलं, ही गोष्ट जिन्यात उभं राहून सांगितलीत. अण्णांना सांगितली तर फार हसले. "म्हणजे पोटात काहीतरी घालायची रीत पहिल्यापासूनच आहे!"

परवा रंग वाळला. अण्णांनी रणगाडा मांडीवर घेतला. आधी नुसता उचलून वजन पाहिलं. मग तोफ. धातू गार लागला तसा हात मागे आला, परत गेला. मुळापासून निघाले, फुगवट्याला बोटांनी वळसा घातला, तिथून टोकापर्यंत गेले. काही बोलले नाहीत. मी आत जाऊन आले तरी बोट टोकावरच होतं.

मग म्हणाले, "पावसाळ्यात तोंडाला टोपी घालायचे कापडाची. ती कुठंय?"

काका, आता ती कशाची करू? कापड जाड होईल असं वाटतंय. रविवारी येऊ का?

तुमची,
नगरची मुलगी