चामखीळ एक नव्हे, दोन

महोदय,

आपल्याकडे त्वचेवर उगवलेल्या कोणत्याही बारीक गाठीला सरसकट ‘चामखीळ’ म्हटले जाते आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. मानेवर, काखेत किंवा पापणीवर बारीक देठाने लोंबणारी मऊ चामखीळ कातडीला कातडी घासल्याने, वजन वाढल्याने, कधी गरोदरपणातही येते. ती एकाची दुसऱ्याला लागत नाही. बोटांवर किंवा नखांच्या कडेला येणारी खरखरीत चामखीळ मात्र ह्यूमन पॅपिलोमा विषाणूमुळे होते आणि खाजवल्याने, नखे कुरतडल्याने, दुसऱ्याचे ब्लेड वापरल्याने पसरते. तळपायाला झालेली हीच चामखीळ कुरूप समजून घरी पात्याने तासली जाते.

माझ्या आईच्या मानेवर पहिल्या प्रकारच्या चार-पाच चामखिळी होत्या. कुणाच्या तरी सांगण्यावरून तिने त्यांतल्या एकीवर चुना आणि धुण्याचा सोडा कालवून लावला. चामखीळ गळून पडली खरी, परंतु तिथे रुपयाएवढी भाजल्याची जखम झाली आणि ती भरायला महिना लागला. त्वचारोगतज्ज्ञांनी जखमेपेक्षा मानेच्या काळवंडलेल्या वळ्यांकडे अधिक लक्ष दिले आणि असा काळेपणा साखर वाढल्याची खूण असू शकतो म्हणून आधी रक्तातील साखर तपासायला सांगितली. ती वाढलेली निघाली. चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस बांधून ती पाडण्याचा सल्लाही आम्हाला मिळाला होता. मधुमेह असताना अशी जखम चिघळली असती तर काय झाले असते, या विचाराने आजही धास्ती वाटते.

वास्तविक मऊ चामखीळ त्रास देत नसेल तर काढण्याची गरजच नसते आणि काढायचीच असेल तर जागा बधिर करून ती काही मिनिटांत कापता किंवा जाळता येते. विषाणूजन्य चामखिळीवर सॅलिसिलिक आम्लाचे औषध काही आठवडे नेमाने लावावे लागते (चेहऱ्यावर नव्हे, आणि मधुमेह असल्यास डॉक्टरांना विचारल्याविना मुळीच नाही), किंवा उणे १९६ अंश तापमानाच्या द्रव नायट्रोजनने ती गोठवतात. लहान मुलांच्या चामखिळी बहुधा दोन वर्षांत आपोआप जातात, हे पालकांना सहसा कुणी सांगत नाही.

रक्त येणारी, रंग बदलणारी किंवा झपाट्याने वाढणारी गाठ मात्र चामखीळ समजून घरी ठेवू नये. ती डॉक्टरांना दाखवावी.

एक वाचक, सातारा