ओझे नेमके याच पानांचे?

करोनाकाळात, जुलै २०२० मध्ये, सीबीएसईने अभ्यासक्रमाला ३० टक्के कात्री लावली. त्यात अकरावीच्या राज्यशास्त्रातले नागरिकत्व, राष्ट्रवाद, धर्मनिरपेक्षता आणि संघराज्य हे धडे त्या वर्षापुरते वगळले गेले. पुढे शालेय पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्या एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून ‘लोकशाही आणि विविधता’, जनआंदोलने, लोकशाहीपुढील आव्हाने ही प्रकरणेच काढली. कारण दिले मुलांवरच्या ओझ्याचे. ओझे नेमके याच पानांचे होते का?

सत्तांतर झाले की पुस्तकांवर हात फिरवायची खोड जनता पक्षाच्या राजवटीपासूनची. कोणा एकाची नाही. हक्कांपेक्षा कर्तव्ये शिकवा, असे कोणी म्हणेल. पण मूलभूत कर्तव्येही संविधानात आली ती १९७६ साली, ऐन आणीबाणीत! कर्तव्ये मुलांना शिकवावीतच, पण हक्कांची पाने फाडून नव्हे.

मी नागरिकशास्त्र शिकवते. मध्यंतरी एका मुलीने विचारले, “बाई, सरकारला विरोध केला की देशद्रोह होतो का?” वर्ग एकदम गप्प. मी पुस्तक मिटले आणि फळ्यावर संविधानातले अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे कलम १९ लिहिले. घंटा झाली तरी कोणी उठेना. असे तास वेळापत्रकात राहू द्या, एवढीच अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना कळकळीची विनंती.

– एक शिक्षिका